सहाशे ग्रॅम लाकडाची गोष्ट

"साहेब, पान्यात मूठभर तांदूळ तरी टाकू द्या मले," जनकाबाई म्हणाली.

"नाही. निव्वळ पाणी. पाच लिटर."

"मंग चिमूटभर मीठ?"

"मीठही नाही."

"अवो, दारासमोर येगळी चूल मांडून निस्तं पानी कवा तापवतात, तुमाले ठाव हाय ना?"

कचेरीतून चुलीची चाचणी घ्यायला आलेल्या खरात साहेबांना ठाऊक होतं. ते याच जिल्ह्यातले होते. मेलेल्या माणसाच्या अंघोळीचं पाणी असंच दारात तापतं, हे त्यांनी घरी पाहिलं होतं. पण चाचणीच्या कागदावर एकवीस रकाने होते आणि त्यात शुभ-अशुभाचा एकही नव्हता. कागदाच्या डोक्यावर छापलेलं 'मुंबई राज्य' शाईने खोडून वर 'महाराष्ट्र' लिहिलं होतं. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, पण जुने कागद अजून संपायचे होते.

भानगड अशी होती, की बायका चुलीत फार लाकूड जाळतात हे सरकारच्या लक्षात आलं होतं. बायकांच्या ते आधीच लक्षात आलं होतं, कारण मोळ्या त्याच वाहत होत्या. फक्त त्यांनी तसं लेखी कळवलं नव्हतं. आता नियम निघाला: जी चूल सहाशे ग्रॅम लाकडात पाच लिटर पाणी उकळवील, तीच साखरखेर्ड्याच्या बाजारात विकायला बसेल. बाकीच्या बाद. बाद झालेल्यांच्या जागी कचेरी लोखंडी चूल देणार होती.

जनकाबाई सव्वीस वर्षं मातीच्या चुली घालत होती. तिच्या चुली बैलगाडीतून गेल्या, डोक्यावरून गेल्या, आणि एक तर कंडक्टरने अर्धं तिकीट फाडून सीटवर बसवून मेहकरला नेली. नवी सून सासरच्या स्वयंपाकघरात शिरली की आधी चुलीकडे बघायची आणि "जनकाबाईची हाय का?" म्हणून विचारायची. ती चूल आज बाद झाली असती तर जनकाबाईकडे दुसरं काही नव्हतं, ज्याबद्दल कोणी काही विचारावं.

"बरं," ती म्हणाली. "पेटवा म्हना सरकारले."

लाकूड सरकारी होतं. बाभळीचं, बुलढाण्याहून लाखेचं सील मारून आलेलं. गावचं लाकूड गावाच्या बाजूने जळण्याची शक्यता होती. चाचणी 'मोकळ्या परंतु वारा न लागणाऱ्या' जागी घ्यायची होती. अशी जागा अख्ख्या गावात एकच निघाली, जनकाबाईच्या दारासमोर, भिंत आणि गोठा यांच्या मधली. बघणाऱ्यांनी सहा फुटांवर गप्प उभं राहायचं होतं. चार माणसं तशी उभी राहिली आणि तराजूकडे बघायला म्हणून चौघांनीही माना खाली घातल्या. मागे ओट्यावर तिचा नवरा उकंडराव बाजेवर झोपला होता. दुपारच्या माश्यांपायी तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरं धोतर ओढून झोपत असे.

बरोबर तीन वाजता शेजारची केसरबाई पाण्याचा हंडा घेऊन कोपऱ्यावरून वळली. तिने दारातली चूल पाहिली, निस्तं पाणी पाहिलं, चार खाली गेलेल्या माना पाहिल्या आणि ओट्यावरचं पांढरं धोतर पाहिलं. हंडा खाली ठेवून तिने थेट सूर लावला.

"अवो माह्या दादा वो! काऊन गेले वो सोडून!"

जनकाबाईच्या हातात फुंकणी होती. तराजूत दोनशे ग्रॅम लाकूड उरलं होतं आणि पाणी अठ्ठ्याहत्तर डिग्रीवर होतं. विस्तवाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा नियम क्रमांक चार होता. उठली तर आच मोडणार. तिने जोरजोरात मान हलवली.

"पाहा व माय," केसरबाई मागून येणाऱ्या बायकांना म्हणाली, "बोलनं बी होईना बाईले."

"अवो, झोपले हायत ते!" जनकाबाई दोन फुंकांच्या मध्ये ओरडली.

"हाव माय, झोपलेच म्हनायचं," केसरबाईने डोळ्याला पदर लावला. "असा मानूस झोपतच असते."

"शांतता ठेवा," खरात साहेब थर्मामीटरवरची नजर न काढता म्हणाले. "चौऱ्याऐंशी."

"वय लावून राह्यले," एक बाई कुजबुजली. "एवढे नव्हते व."

पाच मिनिटांत अंगण भरलं. शेजारच्या वावराचा पंजाबराव आला, टोपी काढून ओट्यापाशी उभा राहिला. "सोन्यासारखा मानूस," तो म्हणाला. "कोनाच्या वावरात कधी ढोर नाही घातलं यानं." मागच्याच आठवड्यात उकंडरावाच्या बैलाने पंजाबरावाची तूर खाल्ली होती आणि दोघांनी त्यावरून एकमेकांच्या आजोबांपर्यंत मजल मारली होती.

धोतराखाली उकंडराव केव्हाच जागा झाला होता. तो उठणारही होता. पण उभ्या जन्मात गावाने त्याच्याबद्दल एवढं चांगलं सलग कधी म्हटलं नव्हतं. तो तसाच पडून राहिला आणि श्वास जरा बेताने घेऊ लागला.

"देवमानूस," कोणीतरी म्हणालं.

"शब्दाचा पक्का," दुसरं कोणी म्हणालं.

"एकच खोड होती," पंजाबराव उसासा टाकून म्हणाला. "जलमभर बायकोच्या चुलीवर बसून खाल्लं."

"कोन म्हनते बे!" उकंडराव ताडकन उठून बसला.

दोन बायका गोठ्यात पळाल्या. केसरबाईचा सूर मध्येच तुटला तो त्या दिवशी परत लागलाच नाही. पंजाबराव टोपी घालावी की नाही, या विचारात ती छातीशी धरून उभा राहिला. एवढं सगळं झालं तरी जनकाबाईने मान वर केली नाही. पाणी सत्त्याण्णव डिग्रीवर असताना मेलेला नवरा काय, कोणीही उठून बसो. तिने एक ढलपी अर्धं बोट आत सारली, एक जराशी मागे ओढली आणि फुंकणी खाली ठेवली.

पाणी खळखळलं.

खरात साहेबांनी उरलेलं लाकूड तराजूत टाकलं. परत टाकलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा टाकलं.

"पाचशे दहा," ते म्हणाले. "पाचशे दहात उकळलं, बाई."

"आन् कचेरीच्या लोखंडी चुलीले किती लागते?"

"तिची चाचणी नसते. ती सरकारीच आहे." मग ते जरा वाकले आणि हळू म्हणाले, "घरी घेऊन बघितली होती. सातशे खाते."

जनकाबाई उभी राहिली आणि तिने अंगणातल्या प्रत्येकाला दिसेल असा पदर नीट केला.

"त्या पान्यानं मी आंघोळ करनार नाही," उकंडरावाने ओट्यावरून जाहीर केलं. कोणी त्याला तसं सांगितलंही नव्हतं.

आता एकच रकाना उरला होता, सतरावा: दुसऱ्या कारागिराला तशीच चूल घालता यावी म्हणून मापं. खरात साहेबांनी बाकीची पट्टीने घेतली.

"भांडं टेकायचे हे तीन उंचवटे. यांचं माप कशाने घेता?"

"या बोटानं." तिने उजवा हात पुढे केला. अंगठ्याजवळचं बोट वरच्या पेरापाशी संपत होतं. "कडबा कापताना गेलं. लगनाच्या दुसऱ्या वर्सी."

साहेब घुटमळले. "मग डाव्या हाताचं धरू. ते पूर्ण आहे."

"त्यानं नाही जमत, साहेब. पयले पुऱ्या बोटाच्या चुली घालत होती मी. आच बाहेर जाये, लाकूड लय खाये. हे तुटलं, मंग चूल सुदरली."

अंगणात कोणी हसलं नाही. पंजाबरावसुद्धा.

साहेबांनी पट्टी धरली. चार सेंटीमीटर आठ मिलिमीटर. मग दुसऱ्या कारागिराला बोट डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी कागद फुंकणीशेजारच्या पाटावर पसरला, तिचा हात त्यावर ठेवला आणि पेन्सिल त्याच्या कडेकडेने फिरवत नेली. तुटक्या बोटापाशी पेन्सिल थांबली नाही. सवयीने म्हणा, भिडेपोटी म्हणा, ती वर गेली आणि बोट पूर्ण करून खाली उतरली.

"साहेब," जनकाबाई म्हणाली, "जेवढं हाय तेवढंच काढा."

साहेबांनी खिशातून रबर काढलं आणि वरचं पेर खोडलं. तिने डाव्या हाताने कागदावरचा चुरा झाडला आणि उजवा हात, पेन्सिल परत फिरेपर्यंत, जिथे होता तिथेच ठेवला.