पालकाच्या पाण्याचा नमुना

अहवालात एकच ओळ होती: पालक धुण्याच्या पाण्यात विष्ठेतले जंतू, विक्री बंद. इकडे वाफ्यांत पालक कापणीला आलेला. आठवडाभर पडून राहिला असता, तर गुरांनीही तोंड लावलं नसतं.

वहिनी त्या दिवसापासून जेवलीच नाही. पाण्याची टाकी घासून घासून तिच्या हाताची सालं निघाली.

तपासनीस बाई दुसरा नमुना घ्यायला आल्या, तेव्हा मी त्यांना फाटकातच गाठलं. "अर्धा एकर आमचा! हजार एकरवाल्या कंपनीला जे फॉर्म, तेच आम्हाला? त्यांच्याकडे नुसते कागद भरायला दहा माणसं. इथे मी आणि वहिनी!"

"झालं ओरडून? छोट्यांना बऱ्याच फॉर्मांतून सूट आहे, तुम्ही ती मागितलीच नाहीत. पाण्यात मात्र सूट नाही. खाणाऱ्याच्या पोटाला तुमचे एकर कळत नाहीत."

मी आणखी चिडलो.

बाईंनी पिशवीतून बाटली काढली. वहिनीनं हात पुढे केला. "द्या, आधी विसळून देते."

"अहो, हात लावू नका!" बाई दचकल्या. "मागे आम्ही पोस्टानं पाठवलेली रिकामी बाटलीही विसळली होती?"

"नुसती विसळली? तळाला पांढरी भुकटी होती, शी! साबणानं घासली, आतून फडक्यानं कोरडी केली."

"कुठल्या फडक्यानं?"

वहिनीनं दोरीवरच्या फडक्याकडे बोट दाखवलं. मी कपाळाला हात लावला. "वहिनी, त्यानं तू कोंबड्यांची भांडी पुसतेस!"

"धुऊन घेते मी ते, भाऊजी!"

बाई मटकन खाली बसून हसायला लागल्या. "बाटली निर्जंतुक असते हो. भुकटी पाण्यातलं क्लोरीन मारायला मुद्दाम घातलेली. सोबतच्या कागदावर लिहिलंय सगळं."

"मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात!" मी कागद त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढून पाहिला.

"मलाही वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. निदान खरं बोलल्या.

नमुना त्यांनी स्वतः भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला: पाणी स्वच्छ, विक्री सुरू करा.

वहिनी उलट्या क्रेटवर बसली, पदरानं तोंड पुसलं. "माझं पाणी चांगलंच होतं," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली. मग माझ्यावर खेकसली, "उभे काय राहिलात? कापा की!"

पालक थोडा थोराड झाला होता, पण आतली पानं कोवळी होती. विळा लावला तसा कचकन कापला गेला.