हिरवी खूण

गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा लेक टाकीवर बसलेली होती. धावत्या मोटारसायकलचं इंजिन मेलं, मीटर काळा झाला, दिवे गेले, आणि मागच्या बसने असा हॉर्न दिला की पोर रडायचंसुद्धा विसरली. नवऱ्याने कशीबशी गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली तर बया पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. मागे बसलेल्या तिने तिथल्या तिथे कानाला खडा लावला, लेकीला या गाडीवर पुन्हा बसवायचं नाही.

पण पाळणाघर गावाच्या एका टोकाला आणि तिची नोकरी दुसऱ्या. चार दिवस बसचे धक्के खाल्ले, मग पुन्हा तीच गाडी आणि तीच टाकी. फरक एवढाच, की आता ती नवऱ्याच्या खांद्यावरून मीटरकडे टक लावून बसायची, दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभं राहावं तशी.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी फिरवून आणली आणि हात झटकले. त्यांच्यापुढे ती बंद पडायचीच नाही. डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरतो ना, तसंच. शेवटी नवऱ्याने या गाडीच्या मालकांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता, तिथे लिहिलं. तो शिकवण्या घेणारा, त्यामुळे लिहिलं तेही धडा लिहावा तसं. ऊन किती, वेग किती, बंद पडण्याआधी हँडल कुठे वळलेलं, सगळं फोटोंसकट. खाली ‘माझीही’, ‘आमचीही’ अशी रांगच लागली. एकाने लिहिलं, कंपनी बहिरी आहे, सायलेन्सर काढून बोला. ग्रुपवाल्यांनी नवऱ्याचं नाव ‘मास्तर’ ठेवलं, आणि त्याला ते मनातून आवडलं.

ग्रुपचा एक नियम होता. ज्याने तक्रार मांडली त्यालाच ती सुटली म्हणून हिरवी खूण लावता यायची. खूण लागली की तक्रारीला कुलूप. मग कुणाला तिच्याखाली काही लिहिता यायचं नाही, आणि मांडणाऱ्यालाही ती पुन्हा उघडता यायची नाही. तेच दुखणं कुणी नव्याने मांडलं तर जुने लोक म्हणायचे, आधी खूण बघ, मग बोल. भांडणं मिटावीत म्हणून केलेला नियम, वाईट हेतूने कुणी केला नव्हता.

आणि एका सकाळी कंपनीचा माणूस घरी आला, कंपनीच्याच टेम्पोतून. बोलायला साखरेसारखा. लेकीसाठी खेळण्यातली मोटारसायकल आणलेली. चहा पिता पिता त्याने मास्तरांचं लिखाण जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवलं, सायलेन्सरचा विनोदही सांगितला आणि स्वतःच हसला. आम्ही सगळं वाचतो, म्हणाला. गाडी घेऊन गेला आणि वायरिंग आख्खं बदलून, धुऊनपुसून परत पाठवली. एक पैसा घेतला नाही. सगळा उन्हाळा गाडी तक्रार न करता पळाली. मग त्याचा फोन आला. तेवढी खूण लावली तर बरं होईल, वर साहेबांना दाखवायला.

नवरा अडून बसला. त्याचं म्हणणं, सुटली ती माझी. त्या रांगेतल्यांची कुठे सुटलीय?

“आपली सुटली ना?” ती लेकीचे केस विंचरता विंचरता म्हणाली. “मग लाव आणि मोकळा हो. उद्या परत काही झालं तर याच माणसाच्या पाया पडायचंय.”

आपला तो बाब्या. नवऱ्याने खूण लावली.

तिचा धाकटा भाऊ घरोघरी पार्सलं पोचवायचा. त्याची जुनी गाडी मोडीला आलेली. त्याने त्याच ग्रुपवरून, कुणालाच न सांगता, हेच मॉडेल जुन्यात घेतलं. ताईच्या दारात एकदम जाऊन उभं राहायचं असं त्याच्या मनात होतं. घेण्याआधी त्याने चौकशी केली नव्हती असंही नाही. दाजींची तक्रार वाचली, तिच्यावरची हिरवी खूण पाहिली. घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं?

पुलाच्या उतारावर गाडी बंद पडली. मागे ट्रक होता. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दवाखान्यात आईने एवढंच विचारलं, की जावईबापूंनीच लिहिलं होतं ना, सुटलं म्हणून? टोमणा असता तर परतवता आला असता. आई खरंच विचारत होती.

नवरा जिन्यात बसून फोनवर ते कुलूप उघडायचा प्रयत्न करत राहिला. ते उघडणार नव्हतं. तेव्हा तिने स्वतःच्या नावाने नवी तक्रार मांडली. धडा नाही, फोटो नाही. ‘गाडी बंद पडली. माझ्या भावाचा पाय गेला. आधीची खूण खोटी आहे.’ हातातला चहा निवायच्या आत फोन वाजला.

कंपनीचा माणूस संध्याकाळी हजर. या वेळी खेळणं नव्हतं, शहाळी होती. भावाचा सगळा खर्च कंपनी करेल, उत्तमातला उत्तम पाय बसवेल, माणुसकी म्हणून. मोडकी गाडी तेवढी ताब्यात द्यायची. आणि खूण.

“बाकीच्यांचं वायरिंग कधी बदलणार?” तिने विचारलं.

“वहिनी, जे लिहितात त्यांचं बदलतोच आम्ही.”

“आणि जे नुसतं वाचून गाडी घेतात?”

तो पलंगाखाली शहाळी नीट लावत बसला.

तिला वाटलं, आता आपल्याला नाही म्हणता येईल. मागे चुकलं ते या वेळी तरी चुकायचं नाही. ती तोंड उघडणार एवढ्यात भाऊ म्हणाला, “तायडे, फोन इकडे दे.”

तिने दिला. त्याच्या अंगठ्याला सलाईनची पट्टी होती, म्हणून त्याने दुसऱ्या हाताने, सावकाश, खूण लावली. मग फोन तिच्याकडे न देता उशाशी पालथा ठेवला.

“माझं काम जिन्यांचं आहे,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याला काय सांगणार? पहिली खूण लावायला लावणारीने दुसरीबद्दल कोणत्या तोंडाने बोलायचं? नवरा खिडकीबाहेर बघत होता. तिला तिथे थांबवेना. दवाखान्याच्या आवारात येऊन उभी राहिली, तर कंपनीचा माणूस तिथे हेल्मेटचा पट्टा आवळत होता. आज टेम्पो नव्हता. त्याच्यापुढे एक जुनाट स्कूटर होती, भलत्याच कंपनीची, पुढच्या जागेत एक छोटं हेल्मेट लटकवलेलं.

“तुम्ही तुमची गाडी नाही वापरत?”

पहिल्यांदाच त्याच्या आवाजात साखर नव्हती.

“घरात लहान मूल आहे, वहिनी. आणि तो ग्रुप सगळा मीच वाचतो ना.”

स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली.