भरिताची बैठक

‘हा आमचा विषय नाही’ हे वाक्य कामिनीने इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं, की आता कुणी नुसता घसा खाकरला तरी तिचं डोकं फिरायचं.

जिल्ह्याच्या छोट्याशा विमानतळावर सुरक्षेचं काम तिच्याकडे होतं. रोज संध्याकाळी एकच विमान यायचं आणि ते उतरायच्या वेळेलाच आकाशात घारी घिरट्या घालायच्या, कारण भिंतीपलीकडे गावाचा उकिरडा. पंचायत म्हणे, जागा महसूलची. महसूलवाले म्हणत, कचरा पंचायतीचा. अग्निशमनचे साहेब म्हणत, पेटलं तर बोलवा. अशात एक घार इंजिनाला घासून गेली, विमान न उतरताच परतलं आणि वरून ताकीद आली: आणखी एकदा विमान न उतरता परत गेलं, तर उपाय होईपर्यंत सेवा बंद. सगळ्या खात्यांनी मिळून समिती करावी, असंही त्यात होतं.

समिती काय, कागदावर लगेच झाली. बैठकीला मात्र कुत्रं फिरकेना. दर वेळी चहा निवायचा, बिस्किटं शिपाई खायचे, आणि कामिनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघून दात-ओठ खायची.

शेवटी सरपंच अभिमन आबांना तिची दया आली. म्हणाले, “ताई, तुम्हना एसीमा कोन येई? मन्हा वावरमा भरीत ठेवस. बठ्ठा येतीन.”

आबांचं शेत विमानतळाच्या भिंतीला लागून. पण बैठक दुपारी बाराची, विमान संध्याकाळचं; तोवर खाऊनपिऊन सगळे घरी गेलेले असतील, असा हिशोब करून ती हो म्हणाली. जन्म एरंडोलचा, भरिताच्या पार्ट्या लहानपणापासून खाल्लेल्या, तरी हा हिशोब! गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही.

कारण शेवटचा पाहुणा आल्याशिवाय वांगी भाजायला टाकायची नाहीत, ही इथली रीत. आणि महसूलचे पंडित भाऊसाहेब यावलहून निघाले ते ऊन कलल्यावर टेकले. मग कुठे कपाशीच्या काड्या पेटल्या. कामिनीने उकिरड्याचा विषय काढला, तर सगळे म्हणाले, आधी पोटोबा. पुऱ्यांचे तुकडे, वांग्यांची सालं बांधावर पडू लागली, धूर भिंतीवरून सरळ धावपट्टीकडे निघाला, आणि वर घारी जमल्या. तिने आग विझवा म्हणून सांगितलं. अग्निशमनचे साहेब स्वतःच चिमट्याने वांगी उलटत होते. आता विझवली तर कच्ची राहतील, असं त्यांनी तिला समजावलं. तिला रडावं की ओरडावं कळेना.

तेवढ्यात टॉवरवरून रूपालीचा फोन आला. विमान जवळ आलं होतं. धूर आणि घारी तिला दिसत होत्या. उतरवायचं का, एवढंच ती विचारत होती.

पंडित भाऊसाहेब जवळ सरकले. हळूच म्हणाले, “मॅडम, रोज उतरतंच की. परत पाठवलंत तर सेवा बंद होईल. मग या बैठकीचा उपयोग काय?”

त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच कामिनीला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वर्षभराची तिची धावपळ एका ‘नको’ने मातीत जाणार होती.

“नको उतरवू,” ती फोनवर म्हणाली. “परत पाठव.”

विमान डोक्यावरून घरघरत वर चढलं आणि निघून गेलं. आतली माणसं सुखरूप होती, एवढाच काय तो तिला दिलासा. मग रूपालीने विचारलं, आग कुणी लावली म्हणून कळवू?

कामिनीने प्रत्येकाकडे पाहिलं. वावर खासगी आहे, अग्निशमनचे साहेब म्हणाले. भाऊसाहेब म्हणाले, आपण तर नुसते पाहुणे.

“समितीने लावली म्हणून सांग,” कामिनी म्हणाली. “बैठक मी बोलावली, पहिलं नाव माझं. बाकीचे आपापलं नाव स्वतः सांगतील.” आणि तिने फोन पुढे केला.

अग्निशमनचे साहेब चिमटा घेऊन आगीकडे वळले. मग आबांनी राखेचे हात धोतराला पुसले आणि फोन घेतला.

“वावर मन्हं शे, आग मीच लाई. मन्हं नाव लिखी ल्या,” ते म्हणाले, आणि फोन भाऊसाहेबांसमोर धरला.

भाऊसाहेब वांगं सोलत राहिले. उद्यापासून विमान येणार नव्हतं, आणि समितीच्या भरलेल्या पहिल्याच बैठकीला एकही सदस्य गैरहजर नव्हता.