उणे अडीच किलो नागली

यज्ञेश्वर सरांना आपल्या बीजगणिताचा भारी गर्व. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या क्लासमध्ये दरवर्षी परीक्षा घेऊन एका मुलीला मोफत जागा मिळायची. यंदा सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरची ललिता वसतिगृहातून परीक्षेला आली, आणि एका गणितानं तिची जागा गेली.

गणित सरांनीच रचलेलं. तांदूळ साठ रुपये किलो, नागली, म्हणजे नाचणी, चाळीस. दोन्ही मिळून दहा किलो घेतले, बिल साडेसहाशे झालं. तर कोणतं किती? बाकीच्या मुलींनी क्ष आणि य मांडून समीकरणं सोडवली. ललितानं एकच ओळ लिहिली, "असा सौदा होतच नाही." सरांनी शून्य दिलं, वर ती ओळ क्लासच्या चाळीस मुलांसमोर वाचून दाखवली. "गणित येत नसलं की असलं शहाणपण सुचतं," म्हणाले. सगळे खदखदून हसले. निकाल ऐकायला आलेली ललिताही तिथेच बसली होती.

दोन दिवसांनी तिची आई, भागीबाई, तिला घेऊन आली. "सर, पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा. म्हणते, शाळाच नको, तुझ्यासंगं मजुरीला येते."

सरांनी मोठ्या मनानं गणित वाचून दाखवलं. भागीबाई जरा घुटमळली. "दहाच्या दहा किलो तांदूळ घेतला तरी सहाशेच व्हतात ना, सर? वरचे पन्नास कशाचे?"

सरांनी घाईघाईनं पेपर काढले. साडेपाचशेच्या जागी साडेसहाशे त्यांच्याच हातून पडलं होतं. निवडलेल्या मुलीचं उत्तर होतं, तांदूळ साडेबारा किलो, नागली उणे अडीच किलो. त्यावर सरांची लाल खूण, पैकीच्या पैकी. अरे देवा, उणे नागली कुठल्या दुकानात मिळते? पायऱ्या तपासल्या, उत्तराकडे बघितलंच नाही. वीस वर्षं शिकवून ही अक्कल! सरांची मान वर होईना.

"चूक माझी आहे," ते कसेबसे म्हणाले. "ललिता, तुझंच बरोबर होतं. आणखी एक मोफत जागा देतो. उद्यापासून ये."

भागीबाईनं हात जोडले, तसं सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ललिता मात्र जागची हलली नाही.

"सर, हे वर्गात सांगाल?"

'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो! पण सरांना ते चाळीस चेहरे दिसले आणि ते पेपरांचा गठ्ठा पुन्हा नीट लावू लागले. ललितानं आईच्या हातातली पिशवी घेतली.

"चल आई, गावची जीप निघून जाईल."