चेनीपाशी राहिलेली चलनवाढ

परीक्षा जवळ आली की प्रत्येकाची तऱ्हा निराळी. बाहेर हिंडायची लाज वाटावी म्हणून सुनंदाच्या कॉलेजातल्या चंदूने टक्कल केलं आणि मग ते दाखवत अख्खं अंबरनाथ पालथं घातलं. मालिनी नखं कुरतडायची. स्वतःची संपली की शेजारणीच्या बोटांकडे बघायची. या दोघांच्या मानाने सुनंदाचा उपाय भलताच शहाणपणाचा होता. ताण आला की ती धागे कापायची.

धागे म्हणजे जीन्सचे. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सचे कारखाने, आणि शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचं काम आसपासच्या घरांतून बायका करायच्या. सुनंदाची आई द्रौपदीही करायची. दुपारी गठ्ठा सुटला की मायलेकी समोरासमोर बसत आणि सुनंदा कात्री चालवत मोठ्याने अर्थशास्त्र म्हणायला लागे. बी.ए.चे बाकी सगळे पेपर सुटून हा एकच मानगुटीवर बसला होता. नुसतं पुस्तक धरलं की एक अक्षर डोक्यात शिरत नसे, कात्री चालू झाली की घडाघडा पाठ. होता होता पँटीचे भाग धड्यांना वाटले गेले. पट्ट्याच्या पाच लुपांत पूर्ण स्पर्धेची पाच लक्षणं, मागच्या खिशात मक्तेदारी, पायाच्या मोहरीपाशी वेतन आणि चेनीपाशी चलनवाढ.

गेल्या खेपेला याच विद्येने दगा दिला. परीक्षेत हात रिकामे, म्हणून डोकंही रिकामं. चोवीस मार्क पडले. तिचे वडील किसन तसे शांत गृहस्थ. ते एवढंच म्हणाले, "अजून एक डाव बस. ह्या टायमाला पण राहिलीस तर परत फॉर्म नाय. शेठला कारखान्यात बाया पायजेलच हायेत." आईच्या अंगठ्याला कात्रीने पडलेला घट्टा सुनंदा रोज बघत होती. तसला घट्टा तिला नको होता.

अंबरनाथ पूर्वेच्या सेंटरवर पेपर हातात आला आणि पुन्हा तेच. पूर्ण स्पर्धा, मक्तेदारी, वेतन, चलनवाढ. चारही प्रश्न ओळखीचे, पण एकही ओळख देईना. तिने ओढणीचा एखादा धागा सुटलाय का पाहिलं. द्रौपदीच्या घरात असा धागा शिल्लक राहणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात सुपरवायझर सर बाजूने गेले. तरुण, नवखे, आणि अंगात जीन्स. धागे कापणारीने घाई केली होती, एका लुपाला चांगला वीतभर धागा लोंबत होता. सुनंदाची बोटं कात्रीसारखी हलली आणि पूर्ण स्पर्धेचं पहिलं लक्षण आठवलं.

मग काय विचारता. सर पाठमोरे झाले की मक्तेदारी, बाजूला वळले की लुप. ते लांब गेले की वाक्य अर्धं राही. तासाभराने सरांच्या ध्यानात आलं की ही मुलगी आपल्याकडे बघते, पण तोंडाकडे बघत नाही. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "पेपरात बघ. काय चाललंय?"

"काही नाही सर. तुमचा धागा लोंबतोय."

मागच्या बाकावरून चंदू फसकन हसला. सरांनी पाठीमागे चाचपून पाहिलं, कानापर्यंत लाल झाले आणि जाऊन टेबलामागे खुर्चीत बसले. सुनंदाचं धाबं दणाणलं. नशिबाने टेबलाखालून मोहऱ्या दिसत होत्या, म्हणून वेतन तरी लिहून झालं. चलनवाढ मात्र टेबलाआड गेली. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा सर पुरवण्या बांधायचे दोरे वाटायला उठले आणि नेमके तिच्या समोर येऊन उभे राहिले. सुनंदाने मान खाली घातली. चलनवाढ गेली खड्ड्यात, असं तिने मनाशी ठरवलं.

निकाल लागला. अडतीस. पास व्हायला पस्तीस पुरत होते. किसनने गल्लीत पेढे वाटले आणि त्या दुपारी गठ्ठ्यापाशी बसून सुनंदाने आईला सगळी हकीकत सांगितली.

"चेनीला लाजलीस?" द्रौपदी म्हणाली. "मी दिवसाला पन्नास चेनी साफ करते." तिने एक पँट मांडीवर घेतली, चेन उघडली आणि कात्री चालवत सुरू झाली. "पैशाचा पुरवठा वाढतो, वस्तूंचा वाढत नाही, म्हणून भाव सतत वर जातात. कारणं सहा." चौथी शिकलेल्या द्रौपदीने सहाही सांगितली. सहावं साठेबाजी, त्याला कोपऱ्यावरच्या वाण्याचं उदाहरणही दिलं.

"किती मार्कांचा होता?" तिने विचारलं.

"वीस."

"म्हणजे मला अठ्ठावन्न पडले असते. कुठला क्लास येतो?"

"सेकंड, आई."

द्रौपदीने मान डोलावली आणि पुढची पँट ओढली. सुनंदाला आधी हसू आलं. मग तो घट्टा दिसला. तिने आईच्या हातातली कात्री काढून घेतली.

"मी कापते," ती म्हणाली. "तू म्हण. लुपांपासून."