नळ कुणी उघडला?

तब्रीझच्या थंडीत घर गार पडलं की घरातल्या माणसांची डोकी तापतात. सोलमाजचं महिनाभर तापलेलंच होतं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा बॉयलर धडधडत होता, गॅस पीत होता आणि त्याच्या गरम पाण्यावर तापणारे खोल्यांतले रेडिएटर मात्र जेमतेम कोमट. पहाटे तर थंडगार. नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी, त्यामुळे हे झेंगट हिच्याच गळ्यात.

ती हातपाय गाळून बसणारी नव्हती. तिने एकेका रेडिएटरची किल्ली फिरवून आत अडकलेली हवा सोडली, पाण्यातला गाळ अडवणारी जाळी काढून घासली, पाण्याचा दाब बघितला. सगळं ठीक. मग उरलं काय? उरले आगाजान, तिचे सासरे. गरम पाण्याचा नळ उघडला की बॉयलर रेडिएटरांकडे पाठ फिरवतो आणि सगळी ऊब नळाला देतो, हे तिला ठाऊक होतं. पहाटेच्या नमाजाआधी हातपाय धुवायला घरात एकटे आगाजानच उठायचे. झालं, चोर सापडला.

आधी तिने गोडीत सांगितलं की पाणी घेतल्यावर नळ लगेच बंद करत जा. ते बरं म्हणाले. तरी रेडिएटर थंडच. मग मात्र तिची जीभ सुटली. न्याहारीला पोरांसमोरच तिने विचारलं, "आगाजान, आज पुन्हा नळ सोडून ठेवलात ना? नातवंडं कुडकुडतायत, दिसत नाही का तुम्हाला?"

आगाजाननी हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. "राहिला असेल उघडा," ते म्हणाले.

कबूलच केलं म्हटल्यावर हिला आणखी जोर चढला. रोज सकाळी तोच पाढा. शेवटी एक दिवस आगाजान म्हणाले, मरंदला लेकीकडे राहून येतो. सोलमाजने वरवर "कशाला जाता" म्हटलं आणि लगेच त्यांची बॅग भरून दिली. खोटं कशाला बोला, तिला सुटल्यासारखंच वाटलं.

दुसऱ्या पहाटे ती थंडीनेच जागी झाली. रेडिएटर गारठलेले. न्हाणीघरात कुणी नाही, नळ कोरडा ठाक. ती तशीच बॉयलरपाशी गेली आणि खालच्या पाइपांना हात लावला. रेडिएटरांकडे जाणारा कोमट, नळाकडे जाणाऱ्याने बोटं पोळली. नळ बंद, तरी ऊब सगळी तिकडेच चाललेली! पाण्याची वाट बदलणारा आतला व्हॉल्व्हच अडकून बसला होता.

महिन्यापूर्वी पाइपांना हात लावला असता तरी हे कळलं असतं. उघडा नळ एकदाही डोळ्यांनी न पाहता तिने सरळ माणसाला धरलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी मिस्त्री येऊन व्हॉल्व्ह बदलून गेला, संध्याकाळी पोरांनी स्वेटर काढून फेकले, पण हिला त्या उबेत बसवेना. तिने मरंदला फोन लावला.

फोन नणंदेने, रुगय्याने घेतला. "वहिनी, आत्ताच आगाजानना डॉक्टरकडून आणलं. स्वतःच मागे लागले, माझं डोकं तपासून घे म्हणून. नळ बंद केल्याचं आठवतंय म्हणतात, आणि तो रोज उघडा राहतो म्हणे. डॉक्टर म्हणतात सगळं नीट आहे, पण यांना पटतच नाही. आता तब्रीझला जायलाच नको म्हणतात. उद्या गॅस उघडा राहिला तर पोरांचं काय, म्हणून."

त्यांच्याकडे फोन दे, सोलमाज म्हणाली.

"आगाजान, चूक माझी होती. बॉयलर बिघडला होता. तुम्ही नळ रोज बंद करत होतात. मला माफ करा."

पलीकडून आगाजाननी विचारलं, "रोज?"

"रोज. उद्या मी स्वतः न्यायला येते तुम्हाला."

"येईन," आगाजान म्हणाले. "पण सूनबाई, मी नळ बंद केला की तू एकदा येऊन बघत जा. माझा आता भरवसा वाटत नाही मला."