पान त्रेचाळीसवरची थाप

मुख्य विषय रसायनशास्त्र. मायनर म्हणून मी डोंगराळ प्रदेशाची संस्कृती आणि पर्यावरण घेतलं. खरं कारण सांगते: जन्मच डोंगरातला, म्हटलं फुकटचे मार्क पदरात पडतील. पण पुस्तकाच्या त्रेचाळिसाव्या पानावर आमचंच गाव निघालं. 'वरच्या उतारावरचं झाड तोडण्यापूर्वी लोक त्याची माफी मागतात आणि पान गळून पडलं तरच कुऱ्हाड उचलतात. म्हणून तो उतार आजही दाट आहे.' मी वर्गात फिस्सकन हसले. असलं काही आमच्याकडे कोणी करत नाही. ती शुद्ध थाप होती आणि मारणारी माझी आत्या. दहा वर्षांपूर्वी वही घेऊन आलेल्या एका पाहुण्या बाईंना तिने ती सांगितली, तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्या बाई म्हणजे आमच्या मॅडम, आणि पुस्तकही त्यांचंच.

हसू फार टिकलं नाही. पुढच्या आठवड्यात रस्ते खात्याचे एक इंजिनिअर साहेब वर्गात बोलायला आले. नवा रस्ता त्याच उतारावरून जायचा होता. मॅडमनी अडवायला म्हणून ते पान पुढे केलं. साहेब वाचून म्हणाले, "मग आम्हीही मागू की माफी. काम पानगळीत काढू, होकारच होकार!"

वर्ग खो खो हसला. मला मात्र दिसत होतं: आत्याच्या एका थापेपायी तिथलं झाड न् झाड जाणार होतं. तास संपल्यावर मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पडला. म्हटलं, गेलं आपलं मायनर. पण त्या म्हणाल्या, "मग खरं काय ते विचारायला जाऊ. साहेबांनाही घेऊन."

आत्याने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. मी विचारलं, "आत्या, ती माफीची गोष्ट का रचलीस गं?"

"बाई इतक्या आशेनं बघत होत्या," ती म्हणाली. मग आमच्याकडे पाठ करून बोलू लागली. "उतार आतून ओला आहे. झाडांनी माती धरून ठेवलीय. पलीकडची एकदा तोडली होती, हे घर बांधायला. तुझ्या आतोबांनी. सगळे नको म्हणत होते. दुसऱ्याच वर्षी दरड आली. शेजारची दोन घरं गेली, पाच माणसं. आता खाली तीस घरं आहेत."

मी तुळयांकडे बघितलं. याच घरात लहानाची मोठी झाले, आणि मलाच कोणी सांगितलं नव्हतं. आत्याचा राग आला, आणि लगेच तिला मिठी मारावीशीही वाटली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "मी 'एका ग्रामस्थाने झाडं तोडली' असं लिहीन."

"नको. त्यांचं नाव घाला. नाव नसलं की साहेबांना पुन्हा गोष्टच वाटेल." आणि दरडीनंतरच्या वीस वर्षांत या घरात कोणी न उच्चारलेलं नाव तिने आडनावासकट सांगितलं.

साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला; नव्या रस्त्याची रेघ त्यावर पेन्सिलीने ओढलेली होती. "ओल कुठून कुठपर्यंत आहे, दाखवाल?"

आत्या बूट चढवत होती. "चला की. रबर आणलंय ना?"